दार आलं

“आता बसा तिथंच संध्याकाळपर्यंत!” मास्तर म्हणाले आणि सगळा वर्ग खो खो हसला.

फरशी बसवायला शिकवणाऱ्या त्या वर्गात एका नवशिक्यानं दारापासूनच सुरुवात केली होती. आधी ट्रक चालवणारा, अंगानं ऐसपैस गडी. एकेक फरशी बसवत तो पलीकडच्या कोपऱ्यात पोचला, तेव्हा कुठं त्याच्या लक्षात आलं, की आपण आणि दार यांच्यामध्ये सगळी ओली फरशी आहे.

“मास्तर, ट्रक असता तर रिव्हर्स घेतला असता हो!”

“अहो, इथंही रिव्हर्सच घ्यायचा असतो. समोरच्या भिंतीपासून धरायचं आणि मागं मागं सरकत दाराशी यायचं. खोलीत शिरायच्या आधी बाहेर कसं पडणार ते ठरवावं माणसानं.”

मास्तरांचा जन्म असा मागं सरकण्यात गेला. बायको कामावर बरोबर असायची, सिमेंट कालवून द्यायची. त्यांची पाठ चौकटीला लागायच्या आत ती हाक मारायची, “दार आलं हं!” ती गेली आणि मास्तरांनी बाहेरची कामं सोडून शिकवणं धरलं. वर्गात निदान माणसं असतात.

घरी मात्र दिव्याखाली अंधार. मधल्या खोलीची फरशी फुटून वर आलेली. मागच्या खेपेला रांगताना नातीचा गुडघा सोलवटला आणि राहायला आलेली लेक संध्याकाळीच परत गेली. उद्या ती पुन्हा येणार होती, चांगली दोन दिवस राहणार होती. मास्तरांनी जुनी फरशी आधीच उकरून टाकली होती. वर्ग सुटताच ते तडक घरी येऊन कामाला बसले.

हाताशी कुणी नाही, म्हणून फरश्या, बादली, सगळं आत घेतलं. फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला होता. निघायची वेळ लेक कळवणार होती, त्यामुळे त्यांचं तोंडही दाराकडे आणि कानही दाराकडे. हात आपोआप चालत राहिले. मान वर केली तेव्हा ते कोपऱ्यात होते. बसल्या जागेपुरती एक फरशी उरली होती आणि पाठीमागच्या खिडकीला गज होते.

“वा रे मास्तर!” ते म्हणाले. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! ते मोठ्यानं हसले. सोबतीला कुणी नसलं की हसू लवकर संपतं. सकाळपर्यंत बसून राहू, फरशी पक्की होईल, असं त्यांनी ठरवलं. लेकीला सांगितलं की पोट धरून हसेल.

तेवढ्यात फोन वाजला. वाजून वाजून थांबला आणि पुन्हा वाजायला लागला. नातीला काही झालं असेल का? मास्तर हातातल्या थापीसकट उठले. पायाखाली एकेक फरशी दबत गेली. ते दबणं त्यांना टाळूपर्यंत कळत होतं.

“बाबा, किती वेळ! कुठं होतात?”

“इथंच. बोल ना.”

“रागावू नका हं. उद्या नाही जमत. यांना सुट्टी नाही मिळाली. पुढच्या महिन्यात नक्की येते.”

“अगं, असू दे. माझंही काम चाललंय.”

“जेवलात का?”

“जेवतो आता.”



फोन ठेवून ते दारात उभे राहिले. कोपऱ्यापासून दारापर्यंत त्यांचीच पावलं उमटली होती. आता कुणासाठी, असं मनात आलं आणि फार एकटं वाटलं. मग त्यांनी थापी उचलली. दबलेल्या फरश्या काढत, मोकळ्या झालेल्या जागेत पाय ठेवत ते कोपऱ्यात पोचले. तिथली राहिलेली फरशी बसवली. मग ताजं सिमेंट पसरत, रबरी हातोडीनं हलकेच ठोकत, शिकवतात तसेच मागं मागं सरकत आले.

पाठ चौकटीवर आपटली. कळ येऊन ते क्षणभर तसेच बसले.

“दार आलं,” मास्तर म्हणाले, आणि दिवा बंद करून बाहेर सरकले.