नुसतं गार

माईंनी दोन्ही हात लावून मशीन भिंतीकडे रेटलं. ते जागचं हललं नाही. त्यांनी बाह्या वर सारल्या आणि पुन्हा जोर लावला, तेव्हा ते कसंबसं बोटभर सरकलं, तेही कुरकुरत.

"बस तिथेच," माई त्याला म्हणाल्या. "मेल्या, घर काय तुझ्या बापाचं आहे?"

सुनेने आणलेलं हे मशीन सरबताचा बर्फ करायचं. वरून रस आणि साखर ओतायची, बटण दाबायचं, की थोड्या वेळाने त्याच्या पारदर्शक पोटात भुसभुशीत गोळा गरगरायला लागायचा. सून त्याला स्लश म्हणायची. माई त्याचं नावही घेत नसत. आल्या दिवशीच त्याने ओट्यावर ठाण मांडलं आणि माईंच्या डब्यांची दाणादाण उडवली. लग्न होऊन या घरात आल्यापासून ज्या डब्यांकडे न बघता हात जायचा, ते आता जागा मिळेल तिथे अंग चोरून उभे होते.

डब्यांचं त्यांनी एक वेळ सोसलं असतं. सोसवत नव्हतं ते आबांचं कौतुक.

आबा म्हणजे माईंचे यजमान. उभा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला. दुसऱ्याच्या ओळीतली चूक हुडकायची आणि समासात खूण करायची, हाच धंदा. घरी आल्यावर लाल पेन्सिल खिशात राहायची, पण सवय कुठे जाते? पहिला घास घेतला की ठरलेलं, "मीठ कमी आहे." त्यावर माईंचंही ठरलेलं, "मग घ्या वरून." खोटी स्तुती करणं या माणसाच्या रक्तातच नव्हतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी माई त्यावरून रडल्या, दुसऱ्या वर्षी भांडल्या, आणि पुढे तर त्या दोन वाक्यांशिवाय त्यांना जेवायला बसल्यासारखंच वाटेना.

गेल्या हिवाळ्यात आबांना मोठा ताप आला. त्यातून ते उठले ते गप्प होऊनच. पुढ्यात येईल ते खाली मान घालून जेवायचे. कमी नाही, जास्त नाही. माईंनी भाज्या बदलल्या, मसाले बदलले, एकदा तर चिडून सगळंच करपवलं. हूं नाही की चूं नाही. आणि हेच आबा त्या मशीनमधला पेला हातात आला की डोळे मिटून म्हणायचे, "वा! गार!"

वा म्हणे! सगळं आयुष्य शेगडीपुढे उभं राहून माईंना जो 'वा' मिळाला नाही, तो या विजेवरच्या डबड्याला रोजच्या रोज मिळत होता. त्यांच्या तळपायाची आग मस्तकाला जायची.

आजही जेवणं झाल्यावर बाहेरच्या खोलीतून हाक आलीच.

"अगं, लावलंस का ते?"

"लावते. पळून नाही चाललं."

माईंनी रागारागात संत्र्यांचा रस ओतला. सवयीने न बघताच डाव्या हाताचा डबा उघडून मोठे चमचे भरभरून आत लोटले आणि बटण दाबलं. साखर कमी पडली तर आत सगळा दगड होतो, असं सुनेने बजावलं होतं. एकदा तसं झालंही होतं, तेव्हा पातं अडकलं आणि सूनबाईंचं व्याख्यान ऐकावं लागलं. आज मात्र सगळं सुरळीत फिरलं. नारिंगी, भुसभुशीत, रोजच्यासारखं.

आबांनी पेला घेतला. मोठा घोट घेऊन डोळे मिटले.

"वा! गार!"

"एवढं आहे तर उद्यापासून स्वयंपाकही त्यालाच सांगा," माई म्हणाल्या. "मी बसते पाय पसरून."

आबांनी वर्तमानपत्र उघडलं.

माई तणतणत आत आल्या. असं काय सोनं लागलंय त्याला, बघू तरी एकदा! आजवर त्यांनी हट्टाने ते जिभेला लावलं नव्हतं. आता चमचाभर तोंडात टाकलं आणि पुढच्या क्षणी त्या बेसिनवर वाकून थुंकत होत्या. खारट ढाण. तोंड धुऊन त्यांनी डाव्या हाताचा डबा पुन्हा उघडला, चिमूट जिभेवर ठेवली. मीठ. साखर मशीनच्या पलीकडे, खिडकीत जाऊन बसली होती. मिठानेही पाण्याचा दगड होत नाही, त्यामुळे मशीनला काही पत्ता लागला नव्हता.

मशीनला नाही लागला, ठीक. पण आबांना?

त्या बाहेर धावल्या आणि आबांच्या हातातून पेला ओढून घेतला. अर्धा रिकामा होता.

"का गं?"

"पुरे झालं. घसा धरेल."

सून औषधांच्या दुकानात कामाला होती. संध्याकाळी ती दार लोटून आत आली, तेव्हा माई स्वयंपाकघरात मिठाचा डबा पोटाशी धरून उभ्या होत्या.

"त्यांना चव कधीपासून लागत नाही?"

सुनेने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. ठेवायला तिने बराच वेळ घेतला.

"तापापासून, आई. वासही येत नाही. डॉक्टर म्हणतात, हळूहळू येईल. कदाचित."

"म्हणजे तुला माहीत, डॉक्टरला माहीत. या मशीनलाही सांगितलं असशील! आणि मी? मी कोण, वाटेवरची?"

"त्यांनी शपथ घातली होती. म्हणाले, हिचं रांधलेलं मला लागत नाही, हे हिला कोणत्या तोंडाने सांगू?" सून हळू आवाजात म्हणाली. "जिभेला फक्त गार तेवढं कळतं म्हणाले. म्हणून मग मी हे आणलं."

माई ओट्याला टेकल्या. गार. गोड म्हणाले नव्हते, छान म्हणाले नव्हते, एकदासुद्धा नाही. रोज नुसतं गार. खोटं काही बोललेच नव्हते. त्याचाच त्यांना सगळ्यात जास्त संताप आला. मोठे आले खरं बोलणारे! इतके दिवस समोर बसून माती चावल्यासारखे जेवत होते, आणि आपण मूर्खासारख्या मसाले बदलत होतो, त्या मुक्या लोखंडावर जळत होतो. डोळ्यांना पाणी आलं ते त्यांनी रागानेच पुसलं.

रात्री त्यांनी बटाट्याचा रस्सा केला. मीठ घातलं, चाखलं, पुन्हा चाखलं. मग आबांच्या पुढ्यात वाडगा ठेवला आणि त्याच्या शेजारी मिठाचा डबा आदळला.

"दुपारचं सरबत खारट होतं," त्या म्हणाल्या.

आबांचा हात थांबला. त्यांनी सुनेकडे पाहिलं. सुनेने मान खाली घातली.

"हो का," आबा म्हणाले.

"हो. आता याचं सांगा. मीठ कसं आहे?"

आबांनी चमचाभर रस्सा तोंडात घेतला. घोळवला, गिळला. मग छापलेलं पान तपासावं तसे वाडग्याकडे बघत राहिले. शेवटी त्यांनी मान वर करून माईंकडे पाहिलं.

"कमी आहे," ते म्हणाले.

रस्स्यात मीठ अगदी बेताचं होतं.

"मग घ्या वरून," माई खेकसल्या, आणि डबा त्यांच्याकडे सरकवला.