बर्फात राहून आलेला ग्रंथ

मित्रांनो, माझे अंग फुगले आहे आणि माझ्या कडा वेड्यावाकड्या झाल्या आहेत, म्हणून मला हसू नका. मी एक जुना, जाडजूड ग्रंथ आहे. शेकडो वर्षांपूर्वी उत्तरेच्या थंड समुद्राकाठच्या व्यापाऱ्यांनी जी एकजूट केली, तिची हकिकत माझ्यात छापलेली आहे. त्या एकजुटीला हान्सा म्हणत. कितीतरी शहरे तिच्यात सामील होती. त्या सगळ्यांचा मिळून कोणी एक राजा नव्हता, कायमची फौज नव्हती. बराचसा कारभार एकमेकांना दिलेल्या शब्दावर चाले. चाच्यांच्या भीतीने त्यांची जहाजे तांड्याने निघत. मीठ, मेण, कापड, कातडी आणि खारवलेली हेरिंग मासळी या बंदरातून त्या बंदरात जाई.

मी छापखान्यात जन्मलो. खिळे जुळवणाऱ्याने माझे एकेक अक्षर हाताने बसवले. पण माझे खरे वैभव म्हणजे माझ्या पोटातला घडीचा नकाशा. त्यातला समुद्र निळा आणि जहाजांच्या वाटा लाल. तो पुरता उघडला की वाचनालयातले मोठे मेजही अपुरे पडे. शिक्षक मुलांना घेऊन येत आणि नकाशा उलगडू लागत. एकेक घडी सुटे तसतशी मुलांची कुजबूज थांबत जाई. कोणाच्या बोटाला शाई असली तर ग्रंथपालबाई आधी हात धुऊन यायला लावीत.

पुढे माझा विषय मागणारे उरले नाहीत. नव्या पुस्तकांना जागा हवी होती, म्हणून मला आणि माझ्या सोबत्यांना तळघरात नेऊन ठेवले. आमच्या डोक्यावरून पाण्याचा एक जुना नळ जात होता. तो ठिबकू लागला, तेव्हा शिपाईकाकांनी कचेरीत सांगितले. कचेरी म्हणाली, "बघू." पुन्हा सांगितले, पुन्हा "बघू." आणि एका सुट्टीच्या दिवशी, वाचनालयात कोणी नसताना, नळ फुटला.

सकाळी दार उघडले तेव्हा खालचे कप्पे पाण्यात होते. मी स्पंजासारखा पाणी पिऊन जड झालो होतो. ग्रंथपालबाई पायरीवरच थबकल्या. मग पदर खोचून गुडघाभर पाण्यात उतरल्या.

शिपाईकाका म्हणाले, "बाई, उन्हात वाळत घालूया का?"

"नको. एवढी पुस्तकं एकदम वाळवायला ना जागा आहे, ना माणसं. तोवर बुरशी धरेल. आणि तो नकाशा गुळगुळीत कागदाचा आहे. तसाच सुकला तर घड्या चिकटून वीट होईल त्याची. आधी गोठवायची सगळी. मग थोडी थोडी काढून वाळवू."

"गोठवायची? पुस्तकं म्हणजे काय मासळी आहे?"

बाईंनी त्यांच्याकडे पाहिले. "काका, चला. मासळीबाजारात जाऊ."

मासळीबाजार मागच्याच रस्त्यावर होता. तिथे शीतगृह चालवणाऱ्या बाईंना सगळा बाजार मावशी म्हणे. मावशींनी ग्रंथपालबाईंचे बोलणे ऐकून घेतले, ओले हात पुसले आणि हमालांना हाक मारली. आमच्यामध्ये मेणकागद घालून आम्हाला खोक्यांत भरले आणि हातगाडीवर चढवले. पण मावशींची खोली लवकरच भरली. माझे खोके दारातच राहिले. माझ्या अंगातून पाणी गळत होते.

समोर दुसरे शीतगृह होते. ते मावशींच्या धाकट्या भावाचे. वडिलांच्या धंद्याची वाटणी झाली तेव्हापासून दोघांचा अबोला होता. दारासमोर दार, पण नजरेला नजर नाही. सगळ्या बाजाराला हे ठाऊक होते, म्हणून हमाल जागचे हलेनात.

मावशींनी स्वतः हातगाडीचा दांडा धरला आणि रस्ता ओलांडला.

"धाकट्या, तुझी खोली पाहिजे."

तो बर्फ फोडत होता. त्याने मान वर केली नाही. "कशाला?"

"पुस्तकांना."

"पुस्तकांना? इतक्या वर्षांनी तोंड उघडलंस ताई, ते यासाठी?"

"दुसरं काही निमित्त सुचलं नाही," मावशी म्हणाल्या. "देतोस की परत फिरू?"

धाकट्याने टोचा खाली ठेवला. माझ्या खोक्याची दुसरी बाजू त्यानेच उचलली. "सांभाळून. तुझी कंबर अजून दुखते ना?"

मावशींनी मान हलवली. दोघांनी मिळून मला आत नेले.

मित्रांनो, त्या खोलीत मी काय पाहिले ते कसे सांगू! भिंतींवर पांढरी साय धरलेली, दिव्याभोवती धुके. माझ्या दोन्ही बाजूंना मासळीची खोकी. थंडी, मीठ, मासळी हे शब्द मी आयुष्यभर अंगावर वागवले होते. पण थंडी अशी हाडात शिरते, मासळीचे खवले अंधुक उजेडातही असे चमकतात, हे मला कुठे माहीत होते? अशाच मासळीपायी माणसांनी तो खवळलेला समुद्र ओलांडला! मी थक्क होऊन पडून राहिलो. हळूहळू माझ्यातले पाणी गोठले आणि मला झोप लागली.

जाग आली ती वाचनालयात. तिथे जणू लग्नघर झाले होते. पंखे फिरत होते, दोऱ्यांवर पाने टांगली होती. शाळेतली मुले, घरकाम आटोपून आलेल्या बाया, निवृत्त आजोबा, ज्याला जमेल तो येऊन आमच्या पानांत टिपकागद घालत होता, ओला झालेला बदलत होता. मी कोणाचा कोण! तरी एक आजी माझे पान उलटताना श्वाससुद्धा जपून घेत होती.

नकाशाची पाळी आली त्या दिवशी मावशी आणि धाकटा दोघेही आले. पुस्तके बांधणाऱ्या काकांनी हाडाची पातळ पट्टी घडीत सरकवली. सगळे पुढे वाकले. एक घडी सुटली. दुसरी सुटली. तिसरी अडली. काकांनी कपाळावरचा घाम पुसला आणि पट्टी पुन्हा हळूच आत घातली. कागद किंचित करकरला, एक कोपरा फाटला, आणि सगळा समुद्र मेजावर पसरला. निळा रंग काही ठिकाणी विरघळला होता, पण वाटा शाबूत होत्या.

धाकट्याने एका लाल वाटेवरून अलगद बोट फिरवले. "एवढी गावं एकमेकांचं ऐकायची?"

"नेहमी नाही," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "भांडायची. एखाद्या गावाला बाहेरही काढायची."

"मग?" मावशींनी विचारले.

"मग पुष्कळदा परत आत घ्यायची."

भाऊबहीण एकमेकांकडे न पाहता एकाच बाकावर बसले आणि मला पहिल्या पानापासून वाचू लागले.

मित्रांनो, आम्हाला कपाटात कोंडले म्हणजे जपले, असे समजू नका. ओल दिसली तर ओरडा, "बघू" म्हणणाऱ्याची पाठ सोडू नका. आणि आम्हाला उघडत राहा. धुतलेल्या हातांनी, एकेकटे किंवा दोघे मिळून. पान उलटायची घाई मात्र करू नका. त्या दिवशी मावशींनी केली, तेव्हा धाकट्याने त्यांचा हात धरला होता.

"थांब ना ताई," तो म्हणाला, "माझं व्हायचंय अजून."

आणि मावशी थांबल्या.