नावावर ठोकलेलं नाव

फुटकी वस्तू धड म्हणून गळ्यात मारणारा माणूस कुठल्या गावात नसतो? हुऑन नदीकाठच्या आमच्या गावात तो क्लाइव होता. तसा हसतमुख, कुणाचंही सामान उचलायला आधी धावणारा. म्हणून तर लोक फसायचे.

शनिवारच्या बाजारात तो जुनी सुतारी हत्यारं मांडायचा. रंध्याला चीर असली की मेण आणि काजळी कालवून ती बुजवायची, वर तेलाचा हात फिरवायचा, आणि गिऱ्हाइकाला सांगायचं, "जुन्या होडीवाल्या मिस्त्रीचा आहे. तुमच्या नातवाला पुरेल."

त्याची म्हातारी आई विनी म्हणायची, "तुझ्या तोंडातही थोडं मेण भर रे. तेवढीच चीर उघडी राहिलीय."

"आई, लोकांना वस्तू नको असते, गोष्ट हवी असते. मी गोष्ट विकतो."

एकदा हेदर आली. तिचे वडील ऑल्बी पेनिकट जन्मभर होड्या बांधत आले. आता वृद्धाश्रमात होते आणि लेकीलाही ओळखत नव्हते. होड्यांची शेड बंद झाली तेव्हा त्यांची हत्यारं चहूकडे विकली गेली होती.

"बाबांचा एखादा रंधा सापडला तर बघ ना," हेदर म्हणाली. "हातात दिला तर ओळखतील. मग कदाचित मलाही."

आता इथल्या सुतारांची रीत अशी, की लाकडी रंध्याच्या पुढच्या टोकाला मालक लोखंडी ठशानं आपलं नाव ठोकतो. रंधा दुसऱ्याकडे गेला की नवा मालक त्याच्या खाली आपलं नाव ठोकतो. आधीच्या नावाला कुणी हात लावत नाही. दुसऱ्याच्या नावावर आपलं नाव ठोकतो तो चोर!

क्लाइवकडे एक चिरलेला रंधा पडून होता. त्यानं त्यावरचं जुनं नाव वरवर खरवडलं, त्याच जागी 'पेनिकट' ठोकलं आणि हेदरला दिला. बिचारी रडत रडत घेऊन गेली.

पुढच्या आठवड्यात ती क्लाइवच्या घरी आली. भांडली नाही. रंधा टेबलावर ठेवला.

"बाबांनी नावावरून अंगठा फिरवला," ती म्हणाली. "खालची अक्षरं हाताला लागली त्यांना. तेव्हापासून एकच धोशा, 'हा माझा नाही. कुणाचा चोरला मी?' जेवायला बसवलं तर ताट सरकवतात. म्हणतात, चोराला कशाला वाढता?"

क्लाइव चाचरत म्हणाला, "अगं, त्यांना काही आठवत नाही, म्हणून मला वाटलं..."

"गप बस!" विनी कडाडली. "डोकं विसरलं असेल, अंगठा विसरला नाही! गोष्ट विकतोस ना? बघ, कुणाच्या उरावर बसली तुझी गोष्ट. चिरलेला रंधा चिरलेला म्हणून विकला असतास तर काय बिघडलं असतं? फार तर कुणी घेतला नसता. जन्मात दुसऱ्याच्या खिळ्याला हात न लावलेल्या माणसाला तू म्हातारपणी चोर केलंस! ऊठ. माझ्याबरोबर चल."

ऑल्बी खिडकीशी बसले होते, वाळून काटकी झालेले. क्लाइव त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसला.

"काका, तुम्ही काही चोरलं नाही. ते नाव मी ठोकलं. मी!"

 म्हाताऱ्यानं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

"गुणी पोर आहेस. माझी अब्रू झाकायला खोटं बोलतोस." आणि हलक्या आवाजात म्हणाले, "ज्याचा आहे त्याला नेऊन दे रे. त्याचं काम अडलं असेल."

क्लाइव ढसाढसा रडला. विनीनं तोंड फिरवलं. त्यानं पुन्हा सांगितलं, पुन्हा पुन्हा सांगितलं. काही उपयोग झाला नाही. काही दिवसांनी ऑल्बी गेले. दफनाच्या वेळी हेदर क्लाइवशी बोलली नाही, आणि तिनं का बोलावं?

आता क्लाइव प्रत्येक चिरेभोवती खडूनं गोल काढून मगच हत्यार मांडतो. कुणाचं विचारलं तर 'माहीत नाही' म्हणतो. विक्री निम्म्यावर आलीय.

मंडळी, आपण सगळेच काही ना काही विकायला बसलोय. कुणी भाजी, कुणी जमीन, कुणी लेकीचं स्थळ. खोट असेल तर आधी तोंडानं सांगा. आपण जे खोटं बाहेर सोडतो, ते कुणाच्या घरात शिरेल ते आपल्या हातात नसतं. मागाहून खरं घेऊन धावलात तरी ते पोचेलच असं नाही. ऑल्बी पेनिकट चोर नव्हते, हे आज गावातल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. त्यांना तेवढं ते कळलं नाही.