सालीतला गुण

उत्कर्षानं बाटलीचं बूच ओढलं, तसा बारीकसा आवाज झाला आणि ओसरीवर बसलेल्या सर्जेरावांनी मान वर केली. तिनं फुलपात्रात दोन बोटं लाल वाईन ओतून आईपुढं धरली.

"औषध म्हणून घ्यायचं, आई. काळ्या द्राक्षाच्या सालीत जो गुण असतो, तो हिच्यात उतरतो. त्यानं कोलेस्टेरॉल आटोक्यात राहतं, असं परदेशात म्हणायला लागलेत."

"म्हणायला लागलेत, का राहतंयच?" कौसल्यानं विचारलं.

"अजून पक्कं न्हाय. डॉक्टरांचं पथ्य हायच की. ही आपली त्याच्या जोडीला."

बारामतीला कौसल्याचं रक्त तपासलं, कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं. तेव्हापासून पुण्यात फार्मसी शिकणाऱ्या लेकीला चैन नव्हतं. निरवांगीच्या या घरात बाटली येऊ नये, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ती पाळण्यात असताना सर्जेराव रोज दारू पिऊन यायचे. एका सकाळी कौसल्यानं तान्ही पोर त्यांच्या मांडीवर आणून ठेवली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, आणि सुटली ती सुटलीच. कौसल्याला वाटायचं, मनात आणलं की सुटते तर. मग आधीच का नाही सोडली? हा राग तिनं कधी बोलून दाखवला नाही, पण पुरता विझूही दिला नाही.

सर्जेराव उठले. "बागेत पाणी बघून येतो," म्हणाले आणि चालते झाले.

कौसल्यानं नाक दाबून घोट घेतला. जीभ तुरटपणानं आखडली. मग दुसरा घेतला, तिसरा. हळूहळू छातीत ऊब उतरत गेली. दारातली संध्याकाळ जागीच थांबल्यासारखी झाली. द्राक्षबागेवरचा उजेड दाट होत होत हाताला लागेलसा वाटू लागला, आणि पाखरांचा कलकलाट पाण्याखालून यावा तसा लांबून यायला लागला. पोरवयात ती नीरा नदीच्या पाण्यात उताणी पडून राहायची, तसं अंग हलकं झालं. गुडघ्याची कळ, उसाची रखडलेली तोड, घरादाराचा घोर, सगळं कुणीतरी पाठीवरून अलगद उतरवून घेतलं. तिला हसू फुटलं. हसता हसताच ती थबकली.

असं असतं व्हय हे?

उत्कर्षा भाकरी टाकायला आत गेली होती. कौसल्या उठली आणि बागेकडे निघाली.

सर्जेराव बांधावर बसले होते. पाटात पाणी नव्हतंच.

"कसं लागलं?" तिच्याकडे न बघता त्यांनी विचारलं.

कडू, असं सांगायचं तिनं वाटेत ठरवलं होतं.

"ग्वाड," ती म्हणाली. "लई ग्वाड." जरा थांबून तिनं विचारलं, "अवं, तुमाला सोडताना जड गेलं आसंल, न्हाय?"

सर्जेरावांनी मातीचं एक ढेकूळ उचललं आणि बोटांत चुरत राहिले. इतक्या वर्षांत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

"पयलं वरीस जड गेलं."

"आन् मग?"

"मगबी."

ती त्यांच्या शेजारी बांधावर टेकली. घराकडून लेकीची हाक आली, "आई, कुठं गेलीस गं?"

कौसल्यानं ओ दिली नाही.