धनंजयदादाच्या फोटोचं साक्षगंध

मंगळवारी समुद्रपुरात आमच्या धनंजयदादाचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झालं.

असं काहीही झालेलं नाही. दोन्ही घरांनी तसं ठरवलंय. त्यामुळे जे झालं नाही ते कसं झालं, तेवढंच सांगतो.

दादा कतारमध्ये एसी दुरुस्त करतो. दोन वर्षांनी सुटी मिळाली होती. सोमवारी रात्रीचं विमान, सकाळी नागपूर, दुपारी थेट साक्षगंधाच्या खुर्चीवर. सोमवारी संध्याकाळीच इराणनं तिथल्या अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रं सोडली. आकाश बंद. दादा विमानतळाच्या फरशीवर आणि बॅगेत अंगठी. ती अंकितासाठी, नाचणगावच्या लक्ष्मणरावांच्या मुलीसाठी.

इकडे तीनशे माणसांचं आलू-वांगं शिजलेलं.

"खुर्चीवर फोटो ठेवू," दादाचे वडील, म्हणजे आमचे मोठे बाबा, म्हणाले. "तो मोबाइलवरून पाह्यते."

रीतीप्रमाणे मुलीच्या वडिलांनी मुलाला टिळा लावून हार घालायचा असतो. लक्ष्मणरावांनी फोटोला टिळा लावला, हार घातला. मग कोणीतरी सवयीनं समोर उदबत्ती लावली. कोणीतरी म्हणजे मी.

तेवढ्यात उशिरा आलेल्या एसटीतून उतरून अनुसया आत्या दारात आली. रात्रभर टीव्हीवर क्षेपणास्त्रं पाहिलेली. समोर हार, उदबत्ती.

"धन्या रे! मारलं रे माह्या लेकराले!"

अख्खं सभागृह उभं राहिलं. माइकवाल्याला शोकसभांचा सराव होता. त्यानं दोन मिनिटं मौन जाहीर केलं.

"अबे, मी जित्ता हाओ!" दादा मोबाइलमधून ओरडला. मौन चालू असल्यानं त्याला कोणी उत्तर दिलं नाही.

मौन संपल्यावर लक्ष्मणराव म्हणाले, "हार घातलेल्या फोटोले मी पोरगी देत नाई."

अंकितानं फोटोवरचा हार ओढून तोडला.

"बाबा, हार तुमीच घातला. त्याच्यावर काऊन चिडून राह्यले? हे वाचा." तिनं आपल्या मोबाइलवरची बातमी त्यांच्या नाकासमोर धरली. "मारणाऱ्यानं आधी कळवलं, मंग मारलं. मार खाणाऱ्यानं त्याचे आभार मानले. तळ आधीच रिकामा. त्या दोघायची इज्जत वाचली. मोडून काय राह्यलं? माही सोयरीक!"

"आपलं सरकार बोललं ना," मोठे बाबा पुटपुटले. "दोघायले शांत राहा म्हने."

"मामंजी, त्या दोघायपैकी कोणी शांत राह्यलं का? आपणच राह्यलो. दोन मिनिटं!"

 

लक्ष्मणराव खाली बसले. "पोरगा सोता येऊन खुर्चीवर बसंन, तवाच हार घालीन. आजचं झालंच नाई समजा."

दादाला पुढची सुटी डिसेंबरात आहे; नवी तारीख १४ डिसेंबर. तेव्हाही आकाश बंद झालं, तर लक्ष्मणराव तिसऱ्यांदा खुर्ची मांडणार नाहीत. म्हणून अंकितानं दात-ओठ खात सांगितलं आणि मी लिहून घेतलं:

प्रति, मारणारे व मार खाणारे सरकार.
विषय : हल्ल्याची पूर्वसूचना मिळणेबाबत.
महोदय, हल्ल्यापूर्वी आपण एकमेकांस कळवता, असे वाचनात आले. तरी सदर यादीत कु. अंकिता लक्ष्मणराव, मु. पो. नाचणगाव, ता. देवळी, जि. वर्धा यांचे नाव समाविष्ट करावे, आणि १२ डिसेंबरच्या रात्रीपासून १४ डिसेंबर रोजी शेवटची पंगत उठेपर्यंत आकाश खुले ठेवण्याचे आदेश संबंधितांस द्यावेत.