फुलसावंगीत दाखवलेला लांडगा

मित्रांनो, पत्र्याच्या पेटीत वेटोळे करून ठेवलेली ही काळपट पट्टी म्हणजे मी. मी एक जुनी सिनेमाची फिल्म आहे. माझी आठ रिळे होती. आता पाच उरली आहेत.

माझा जन्म युरोपातल्या एका थंड देशात झाला. पौर्णिमेला लांडगा होणाऱ्या माणसाची गोष्ट माझ्यात आहे. मला बनवणाऱ्यांकडे दिवस थोडे होते आणि सामान त्याहून थोडे. जंगल एकच होते, तेच उलटसुलट बाजूंनी दाखवले. लांडग्याचे तोंड कातड्याचे होते आणि ते नटाच्या कानामागे नाडीने बांधले होते. हा लांडगा येतो सहाव्या रिळात. तोपर्यंत माणसे खुर्च्यांवर बसून नुसती बोलत राहतात. तिकडच्या लोकांनी मला पाहिले आणि जांभया दिल्या. मला काही वाटले नाही. मी कशी आहे ते मला माहीत होते.

हातोहात फिरत १९६२ साली मी घाटंजीच्या अब्दुल गनींकडे आले. त्यांचा फिरता सिनेमा होता. उन्हाळ्यात ते गावोगाव जायचे आणि बाजाराच्या दिवशी, कापसाच्या रिकाम्या गोदामात, खिडक्यांना पोती लावून दुपारचा खेळ करायचे. मशीन चालवायला रहमत होता. माझी भाषा कुणालाच कळत नसे, म्हणून तो माझा आवाज बंद करून भोंग्यातून स्वतः गोष्ट सांगायचा. त्याची एक रीत होती. खेळाच्या आधी तो चहाच्या दुकानात बसून गावातल्या माणसांची नावे विचारून घ्यायचा आणि तीच माझ्यातल्या गोऱ्या माणसांना द्यायचा. त्यामुळे माझ्यासारखी फिल्मसुद्धा चालायची. लोक पोट धरून हसायचे.

फुलसावंगीला त्याने चहावाल्या घनश्यामला विचारले, "गावात सगळ्यात गुमसुम माणूस कोन हाये?"

"धावजी," घनश्याम म्हणाला. "गावाच्या बकऱ्या चारते. दिवसभर बकऱ्यासंगं, माणसासंगं एक शबद नाही. या महिन्यात चार बकऱ्या लांडग्यानं नेल्या म्हनते. आता लांडग्यानं नेल्या का कोनं, देवाले माहीत!"

दोघेही हसले. रहमतला हवे होते ते नाव मिळाले.

खेळ सुरू झाला. टोपी घातलेला एक जाडा माणूस पडद्यावर आला. "हे पाहा भगवानराव पाटील, सासुरवाडीले निघाले!" रहमत ओरडला. पुढे बसलेल्या खऱ्या भगवानरावांनी मिशीवरून हात फिरवला. मग झाडाखाली एकटा उभा असलेला माणूस आला. "अन् हा आपला धावजी!"

खरा धावजी खांबाला टेकून बसला होता. आयुष्यातला पहिलाच सिनेमा, म्हणून धुतलेले धोतर नेसून आला होता. आपले नाव ऐकून तो लाजला.

सहाव्या रिळात त्या माणसाच्या तोंडावर केस उगवले. रहमत म्हणाला, "गावाच्या बकऱ्या कोनं खाल्ल्या, आता समजलं का?"

एवढा हशा मी कधी ऐकला नव्हता. सगळे हसत होते म्हणून धावजीही हसला. मग त्याच्या लक्षात आले की लोक पडद्याकडे पाहत नाहीत, त्याच्याकडे पाहत आहेत.

आमचा सिनेमा दुसऱ्या दिवशी ढाणकीला गेला. पुढे काय झाले ते रहमतला आठ दिवसांनी कळले. भोंग्याची दुरुस्ती करायला तो फुलसावंगीला परत आला. मी गाडीतच होते. धावजी गोदामाच्या भिंतीशी बसला होता. बकऱ्या चरायला न्यायची वेळ कधीच टळून गेली होती.

"रहमतभाई, तुमी मले वळखत होते का?"

"नाही."

"मंग माझं नाव काहून घेतलं?"

"लोकं हसतील म्हनून."

"हसले ना. मी बी हसलो," धावजी म्हणाला. "रोज सकाळी गल्लीत हाक मारतो. कोनी बकरी सोडत नाही. पोट्टे 'लांडगा आला' म्हनून पळतेत."

रहमतने माझे सहावे रीळ काढले आणि चहाच्या दुकानासमोर, भर उन्हात, ते हातभर उलगडले. त्याने लोकांना बोलावले. "हे पाहा, हा नट हाये. कानामागं नाडी बांधली. धावजीचं नाव मीच घातलं. खोटं होतं ते."

लोकांनी एकेक करून मला उजेडासमोर धरले. धुळीची बोटे माझ्यावर फिरली. विमलताईंच्या दोन बकऱ्या गेल्या होत्या. त्यांनी डोळे बारीक करून पाहिले.

"दिसते नाडी," त्या म्हणाल्या. "पन माह्या बकऱ्या तर गेल्याच ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी रहमत भोंगा घेऊन धावजीबरोबर गल्लीत गेला. प्रत्येक दारासमोर त्याने आपली चूक सांगितली. भगवानराव ओट्यावर दात घासत होते. "काय रे रहमत, आज सिनेमा फुकट का?" लोक पुन्हा हसले. रहमतला माणसांना हसवणेच येत होते. ते थांबवणे त्याला जमले नाही.

त्या दिवशी दोनच बकऱ्या आल्या. म्हाताऱ्या बेबीताईंनी त्या सोडल्या. धावजी पूर्वी चाळीस बकऱ्या न्यायचा. त्या दोन घेऊन तो गेला.

पावसाळ्यानंतर नाल्यात एक लांडगा मेलेला सापडला. तरी धावजीची माफी कुणी मागितली नाही. हळूहळू लोक बकऱ्या सोडू लागले आणि कळप पुन्हा भरला. पण धावजीने हाक मारणे बंद केले. तो गल्लीच्या तोंडाशी येऊन नुसता उभा राहायचा. तो आला की नाही, हे बायकांना दार उघडून पाहावे लागायचे. हे सारे रहमत गनींना सांगत होता, तेव्हा मी मशीनवर होते.

सहाव्या रिळावर उन्हाचे आणि धुळीचे ओरखडे पडले होते. गनी रहमतवर रागावले. पुढे ते रीळ मशीनमध्ये अडकून तुटू लागले, म्हणून टाकून दिले. माझ्यात आता लांडगाच नाही. मुलांनी आणखी दोन रिळे फाडून पतंगांना शेपट्या लावल्या. रहमतने नंतर कोणत्याच गावात नावे विचारली नाहीत. मग मला पाहायलाही कुणी येईना. १९६८ सालापासून मी गनींच्या माळ्यावर आहे. कुजणाऱ्या फिल्मला येतो तसा मला आंबट वास येतो.

मित्रांनो, माझी पेटी कोरड्या जागी ठेवा, नाही ठेवली तरी चालेल. मी चांगली फिल्म नव्हते. पण चारचौघांत कुणाचे नाव घेऊन हसवायचे असेल, तर आधी तो माणूस कुठे बसला आहे ते पाहा. त्याच्याजवळ जा. त्याला विचारा. तो नाही म्हणाला, तर ते नाव घेऊ नका.