पाय लावू नये

सोलापुरातल्या जुन्या नाट्यगृहात, रंगमंचाच्या कडेला ऑर्गन झळझळत उभा होता. गळ्यात झेंडूचा हार, कपाळावर कुंकू आणि समोर पाटी: ‘पाय लावू नये.’ ती वाचून उत्कर्षाच्या अंगाचा तिळपापड झाला.

काय म्हणावं या लोकांना! हा ऑर्गन विलायतेहून बोटीतून आला, संगीत नाटकमंडळीबरोबर गावोगाव हिंडला आणि मंडळी इथं मोडली तेव्हा इथंच राहिला. सिनेमा आला, तसं त्याला रंगमंचाखाली ढकललं. तिथं उंदरांनी भात्याचं कापड खाल्लं, तेव्हा कुणाला भक्तीचा उमाळा आला नाही. शाळेत गाणं शिकवणाऱ्या उत्कर्षानेच सगळ्या सुट्ट्या घालवून तो दुरुस्त केला. भात्याला नवं कापड चढवलं, पितळी सूर एकेक घासून लावले. आजच्या नाटकाची नांदी त्यावर वाजवायची, एवढीच तिची इच्छा. पण परवा खंडेनवमीला नाट्यगृहाच्या मंडळाचे अध्यक्ष मल्लिकार्जुनअण्णा यांनी त्याची पूजा केली आणि घोटाळा झाला.

“पूजा झालीय की गं,” अण्णा म्हणाले. “आता देवच हाय तो. देवाला पाय लावतीस व्हय? तितं कीबोर्ड ठेवलाय, त्यावर वाजव.”

“अण्णा, तंबोऱ्याला पाय लागला तर मीच आधी नमस्कार करीन. पण ह्यो पायानंच श्वास घेतो. पेडल दाबलं न्हाय तर भाता भरत न्हाय. मग देव कसला, मढं हाय मढं! मी ह्याला जिता केलाय. तुमच्या हारासाठी मरू देणार न्हाय.”

“लई बोलतीस!”

दुसरी घंटा झाली. उत्कर्षाने चपला काढल्या आणि ऑर्गनला वाकून नमस्कार केला. अण्णांना वाटलं, आली वळणावर. तिने पाटी उचलून त्यांच्याच हातात दिली, स्टुलावर बसली आणि दोन्ही पाय पेडलवर रोवले.

“ऊठ आधी तितनं!” म्हणत अण्णा धावले. तोवर तिसरी घंटा झाली आणि पडदा वर गेला. भरल्या नाट्यगृहासमोर भांडता येईना. नट हात जोडून नांदीला उभे होते, त्यांच्याच रांगेत अण्णा सापडले. मग पाटी काखेत मारून त्यांनीही हात जोडले.

उत्कर्षाने पाय दाबले. इतक्या वर्षांनी प्रेक्षकांसमोर भाता भरला, सूर उठला आणि फळ्यांतून सगळ्यांच्या तळपायांत शिरला. तिला हसूही आलं, रडूही आलं. पण पाय थांबले नाहीत. दुसऱ्या कडव्याला तिने हळूच बाजूला पाहिलं. अण्णांचे हात जोडलेलेच होते. पाय मात्र ठेका धरत होता.